किराणा स्वस्त कधी असतो?

२०२३ च्या जुलैत टोमॅटोनं किलोमागे शंभरी ओलांडली. एका नामांकित बर्गर-साखळीच्या कित्येक दुकानांतून टोमॅटोच्या चकत्या गायब झाल्या, आणि दिल्लीसारख्या शहरांत केंद्र सरकारला सवलतीच्या दरानं टोमॅटो विकायला गाड्या उभ्या कराव्या लागल्या. आपल्याकडेही 'आता आमटीत घालायचं काय' अशी चर्चा घरोघरी सुरू झाली. गंमत अशी, की त्याचं उत्तर बहुतेक घरांत मांडणीवरच्या बरणीत होतं. टोमॅटो मुळात अमेरिका खंडातला. मराठी स्वयंपाकाचा आंबटपणा त्याच्या आधी शेकडो वर्षं चिंच, कोकम, ताक आणि कैरीनं सांभाळला. कोकणात आमसूल, देशावर चिंच, दोन्ही उन्हाळ्यात सुकवून ठेवायच्या वस्तू आणि दोन्ही टोमॅटो महागतो त्या पावसाळ्यात कामी येणाऱ्या.

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या बाजारात दुसऱ्या टोकाचं चित्रही दिसतं. आवक वाढली की तोडणीचा आणि गाडीभाड्याचा खर्चही निघत नाही, आणि मग शेतकरी क्रेट रस्त्यावर ओततो. एकाच वस्तूचा एका महिन्यात सोन्याचा भाव आणि दुसऱ्या महिन्यात मातीमोल दर, हे भाजीबाजाराचं नेहमीचं वागणं आहे. ज्याला किराणा-भाजीवरचा खर्च कमी करायचा आहे त्याला हे वागणं ओळखावं लागतं. 'कुठलं दुकान स्वस्त' यापेक्षा 'कुठली वस्तू कधी आणि कुठल्या रूपात घ्यायची' हा प्रश्न कितीतरी जास्त पैसे वाचवतो.

आधी पैसे जातात कुठं ते पाहू. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतातला दरडोई मासिक खर्च सरासरी ६,४५९ रुपये निघाला. त्यातला जवळपास ३९ टक्के खाण्यावर. पण खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचाही नाही. पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ या एका गटानं एकूण खर्चातले १०.६४ टक्के खाल्ले. यात बाहेरचं जेवणही धरलेलं आहे, हे खरं. तरी तुलना बोलकी आहे: धान्यावर चार टक्क्यांहून कमी, भाजीवर चार टक्क्यांहून कमी, दुधावर सात टक्क्यांच्या वर थोडं. चौघांच्या शहरी कुटुंबाला लावून पाहिलं तर फरसाण, बिस्किटं, शीतपेयं, नूडल्स आणि बाहेरचं खाणं मिळून महिन्याला सुमारे पावणेतीन हजार रुपये होतात. मंडईत मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारं घर चहाबरोबरच्या पाकिटांची बेरीज कधी करत नाही.

आता दुसरी बाजू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं प्रौढ माणसासाठी दिवसाच्या ताटाचं जे प्रमाण दिलं आहे त्यात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा अंडी, मांस, मासे), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम दाणे-बिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. चौघांसाठी महिन्याचा हिशेब मांडला तर धान्य ३० किलो, डाळी-कडधान्यं दहा किलोच्या वर, भाजी ४८ किलो आणि तेल सव्वातीन किलो. आपल्या घराच्या यादीशी हे आकडे ताडून पाहण्यासारखे आहेत. बहुतेक मध्यमवर्गीय यादीत डाळ याच्या निम्मीही नसते आणि तेल मात्र पाच लिटरचा डबा! म्हणजे सकस जेवायचं तर काही गोष्टींवर खर्च वाढणार आहे. तो पाकिटांच्या आणि तेलाच्या पैशांतून काढायचा.

डाळीचंच घ्या. महाराष्ट्रात वरण म्हणजे तूर, हे समीकरण इतकं घट्ट आहे की तूरडाळ दीडशेच्या पुढं गेली तरी घरं ती सोडत नाहीत, फक्त वरण पातळ होतं. सरकारनं २०२५-२६ साठी जाहीर केलेल्या हमीभावांत तूर क्विंटलला ८,००० रुपये होती, मूग ८,७६८, तर हरभरा ५,६५०. हमीभाव म्हणजे दुकानातला दर नव्हे, पण कुठली डाळ मुळातच महाग आणि कुठली स्वस्त हे त्यावरून कळतं. प्रथिनांच्या बाबतीत या सगळ्या डाळी एकमेकींच्या जवळपास आहेत. मग आठवड्यातले तीन दिवस तुरीचं वरण, एक दिवस मसूर, एक दिवस पिठलं आणि उरलेले दिवस मटकी, चवळी, हुलगा अशी उसळ, ही वाटणी जिभेलाही बरी आणि खिशालाही. मोड आणले की मूठभर मटकीची वाटीभर होते. कोल्हापूरकरांची मिसळ आणि घाटावरचं हुलग्याचं माडगं यांना पौष्टिक आहाराचं प्रमाणपत्र कुणी दिलं नव्हतं, तरी ती ताटं चांगली होती.

भरड धान्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष झालं आणि ज्वारी-नाचणी चकचकीत पाकिटांत आली. 'गरिबाची भाकरी' आता गरिबाला परवडेनाशी झाली आहे. २०२५-२६ मध्ये मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,७४९ रुपये, नाचणीचा ४,८८६, तर गव्हाचा २,४२५ होता. गव्हाऐवजी सरसकट ज्वारी खाऊन पैसे वाचतील, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. बाजरी तेवढी अजून आवाक्यात आहे (२,७७५), आणि लोहाच्या बाबतीत ती गव्हाहून सुमारे दीडपट सरस. नाचणीचं गणित वेगळं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या नऊपट. तिची भाकरी रोज दोन्ही वेळा खायची गरज नाही. सकाळची आंबील किंवा घावन यांना महिन्याला दोन-तीन किलो पुरते आणि तेवढ्यात तिचं काम होतं. मंगळवेढ्याची मालदांडी चवीसाठी घ्यावी, तिच्या भाकरीची सर दुसऱ्या कशाला येत नाही. बचतीच्या नावाखाली घेऊ नये. आणि घेतलीच तर अख्खी ज्वारी घ्यावी. तिचे चिवडे, कुकीज आणि पास्ता घेतले की मुळातलं धान्य किती आणि पाकीट किती, हा हिशेब उलटा होतो.

पाकिटाचा विषय निघाला म्हणून कायद्याची दोन कलमं. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आवेष्टित, लेबल लावलेल्या धान्य, डाळ आणि पिठावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या धान्यावर तो नाही. म्हणजे बाजारातून सुटा गहू आणून गिरणीत दळला तर हा कर लागत नाही, शिवाय कोंडा पिठातच राहतो. दुसरं असं, की पाकिटावर आता एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं, तेही छापावं लागतं. अक्षरं बारीक असतात, पण चष्मा लावून वाचावीत. ग्रॅमचा दर हजारानं गुणला की मसाल्याच्या आणि सुक्या मेव्याच्या छोट्या पुड्यांची खरी किंमत कळते. 'फॅमिली पॅक' दरवेळी स्वस्त असतोच असं नाही, हेही तिथंच उघडं पडतं.

जुन्या घरांना ही सगळी आकडेमोड लागत नव्हती, कारण त्यांच्याकडे बेगमी होती. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, हरभरा आणि रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. मिरची, हळद, चिंच याच सुमाराला. एप्रिल-मेमध्ये घरोघरी धान्याला ऊन दाखवलं जायचं, तिखट-मसाले कुटले जायचे, कुरडया, सांडगे, पापड गच्चीवर पसरायचे. कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या या तयारीला आगोट म्हणतात. गोव्यात तिचं नाव पुरुमेंत. मे-जूनच्या सुमाराला मडगावात आणि पणजीत अजूनही पुरुमेंताचं फेस्त भरतं आणि सुकी मासळी, सोलां, मिरच्या, चिंच, गूळ यांचा बाजार लागतो. या सगळ्यामागे निव्वळ परंपरा नव्हती, सुगीत भाव उतरतात हे व्यवहारज्ञान होतं.

कांद्याचं उदाहरण यात सगळ्यांत उपयोगी. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळी कांदा टिकतो. नाशिककडचे शेतकरी तो चाळीत भरून महिनोन् महिने ठेवतात. हिवाळ्याच्या तोंडाला येणारा लाल कांदा टिकत नाही. जुना साठा संपत आलेला आणि नवा कांदा पावसात अडकलेला, अशी गाठ साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरात पडते आणि भाव भडकतात. त्यामुळे मेमध्ये चांगला सुकलेला, पातीची मान घट्ट मिटलेला कांदा पंचवीस-तीस किलो घेऊन जाळीच्या पिशवीत, वाऱ्यावर टांगून ठेवला तर दिवाळीपर्यंत बाजाराकडे पाहावं लागत नाही. थोडे सडतील, ते आठवड्याला निवडून काढायचे.  लसूण फेब्रुवारी-मार्चचा घ्यावा. लिंबं एप्रिलमध्ये हात लावू देत नाहीत, म्हणून लोणचं आधीच घालावं. शेवग्याच्या शेंगा उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरपूर असतात, थंडीत मात्र त्या चैनीची वस्तू होतात. त्या दिवसांत शेंगा विसराव्यात आणि पाला घ्यावा, तो पोषणात शेंगांहून सरस आहे.

साठवणीत एक इशारा द्यायलाच हवा. गव्हात कडुनिंबाचा पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचं बोट, कडक ऊन आणि घट्ट झाकणाचा डबा एवढं घराला पुरतं. काही घरांत धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू जीवघेणा असतो आणि बंद खोलीत त्यानं माणसं दगावली आहेत. ती गोळी गोदामासाठी, प्रशिक्षित माणसाच्या हातात. घरात नको.

पण वन-रूम-किचनमध्ये वर्षाचा गहू ठेवायचा कुठं? गच्ची सोसायटीची, ऊन समोरच्या इमारतीनं अडवलेलं. हा प्रश्न मुंबईकरांना पन्नास वर्षांपूर्वीही पडला होता आणि त्यांनी त्याचं उत्तर काढलं होतं. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांचे लाटणं मोर्चे काढले. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची सुरुवात केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके होते, हे आजच्या अनेक श्रोत्यांना ठाऊक नसतं. पंचायतीची पद्धत साधी. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक गट करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, पैसे आधी भरतात. संस्था सगळ्या गटांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी करते, आणि माल गटातल्या एकाच्या घरी येतो, तिथं सगळे मिळून वाटून घेतात. दुकानाचं भाडं नाही, नोकरांचा पगार नाही, जाहिरात नाही. यादी महिन्यातून एकदाच भरायची असल्यामुळे, दुकानात फिरताना टोपलीत अलगद येऊन पडणाऱ्या वस्तूही येत नाहीत. मोठी बचत बहुधा इथंच होते.

शेजाऱ्याच्या घरी जाऊन पिशव्या मोजायच्या, कुणाचा साबण कुणाकडे गेला ते शोधायचं, यात वेळ जातो. घरपोच दहा मिनिटांत सामान देणाऱ्या ॲपच्या काळात हे खटाटोपाचं वाटतं. पण त्या दहा मिनिटांचीही किंमत असते. वितरणशुल्क, हाताळणीशुल्क आणि किमान रकमेसाठी घातलेलं एखादं चॉकलेट अशी ती बिलात विखुरलेली असते.

भाजीसाठी असाच दुवा शेतकरी आठवडी बाजारांनी जोडला. रिझर्व्ह बँकेनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटोत सुमारे ३३, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात, असं दिसलं. उरलेला पैसा अडत, हमाली, वाहतूक, नासाडी आणि किरकोळ विक्रेत्याच्या नफ्यात जातो. त्यातलं सगळंच लुबाडणूक नसते. माल सडतो, टेम्पोला डिझेल लागतं. तरी साखळी आखूड केली की दोन्ही टोकांना काही मिळतं. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, आणि कृषी पणन मंडळाच्या संत सावता माळी आठवडे बाजार अभियानातून पुणे, मुंबई, ठाणे अशा शहरांत शेतकरी गटांना बसायला जागा मिळाल्या. करोनाच्या टाळेबंदीत तर सोसायट्यांच्या फाटकावर थेट शेतातली भाजी उतरली. काही सोसायट्यांनी तो परिपाठ पुढंही चालू ठेवला, बहुतेकांनी दुकानं उघडताच सोडला. या बाजारात एक सवय बदलावी लागते: घरून भाजी ठरवून जायचं नाही. जे त्या दिवशी ढिगानं आलंय ते घ्यायचं आणि मग आठवड्याचा बेत करायचा. डिसेंबरात मटार, गाजर, मेथी आणि जळगावचं भरताचं वांगं. पावसाळ्यात भोपळा, दोडकी, काकडी.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर रानभाज्या येतात. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, शेवळं, करटोली अशा भाज्या शहापूर, मुरबाड, पेण भागातल्या आदिवासी बायका टोपलीत घेऊन स्टेशनाबाहेर बसतात. करटोली आता महाग झाली, टाकळा-कुरडू अजून स्वस्त आहेत. शेवळं काकड नावाच्या फळांबरोबर शिजवतात, नाहीतर घसा खाजतो. म्हणून भाजी घेताना ती कशी करायची हेही विकणारणीलाच विचारावं, आणि अनोळखी पाला स्वतः तोडून आणण्याचं धाडस करू नये. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री मिळाला. त्यांनी सांभाळलेल्या वाल-घेवड्यांसारखे वाण खाल्ले गेले तरच पेरले जातील.

मासे खाणाऱ्यांसाठी सूत्र सोपं आहे. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. खिशाचा मासा मात्र तारली आणि बांगडा. हृदयाला चांगली समजली जाणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं या तेलकट माशांत भरपूर असतात. जूनपासून मासेमारी बंद होते, तेव्हा जवळा आणि सुकट.

सगळंच स्थानिक स्वस्त असतं, असं मात्र नाही. लाकडी घाण्याचं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल रिफाइंड तेलाहून बरंच महाग पडतं. ते परवडवायचा मार्ग एकच: चौघांना महिन्याला सव्वातीन किलो या मर्यादेत राहायचं. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक आयात होतं, त्यामुळे तळणीच्या कढईवर परदेशातल्या भावाचा परिणाम होतोच. 'सेंद्रिय' या शब्दासाठी जास्त पैसे देताना जैविक भारतचं चिन्ह किंवा पीजीएस प्रमाणपत्र विचारावं. विक्रेत्याची दाढी आणि खादीचा सदरा हा पुरावा नव्हे.

आणि आणलेलं टाकू नये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांत दरडोई वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, कोथिंबिरीच्या देठांचा मसाला, शिळ्या पोळीचा कुस्करा हे पदार्थ ज्या घरांत अजून होतात तिथं हा आकडा नक्कीच खाली असणार.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सगळं एकदम करायला जाऊ नये. मार्चअखेरीस नवा गहू बाजारात येतो. फेब्रुवारीतच जिन्यातल्या तीन-चार घरांशी बोला, पन्नास किलोची दोन पोती मिळून घ्यायचं ठरवा, जवळची गिरणी कुठली ते पाहून ठेवा. पोती एकाच्या घरी उतरवा आणि वाटून घ्या. पीठ आवडलं आणि भांडण झालं नाही, तर मेमध्ये कांदा.